नव्या आवृत्तीआधीची विकत मिळणारी पुस्तकं: पुण्यातल्या एका गटाचं प्रकरण

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून, पात्रं घेऊन खेळायच्या कल्पनाखेळाची चौथी आवृत्ती ६ जून २००८ रोजी बाजारात आली. त्याआधी, डिसेंबर २००७ आणि जानेवारी २००८ मध्ये, विझर्ड्स ऑफ द कोस्ट या प्रकाशकाने दोन पातळ पुस्तकं विकायला काढली होती: 'रेसेस अँड क्लासेस' आणि 'वर्ल्ड्स अँड मॉन्स्टर्स'. प्रत्येकी ९६ पानं, किंमत १९ डॉलर ९५ सेंट. खेळायला बसता येईल असे नियम त्यांत नव्हते. नवी आवृत्ती कशी असेल, जुनं काय बदललं, का बदललं, हे ती घडवणाऱ्यांच्या शब्दांत, आणि सोबत भरपूर रंगीत चित्रं. पुण्यातल्या आमच्या गटाने ही दोन्ही घेतली. मे महिन्यात आलेलं 'कीप ऑन द शॅडोफेल' हे तिसरंही घेतलं. गटाची वर्गणी माझ्याकडे असायची, त्यामुळे तिन्हींचा हिशोब माझ्याच वहीत आहे. नवी आवृत्ती जाहीर झाली की आजही कोणी ना कोणी विचारतंच, "आधीचं पुस्तक घेऊन ठेवू का?" तेव्हा ते प्रकरण एकदा नीट मांडतो.

गट आणि त्याची अडचण

आम्ही सहा जण. शनिवारी संध्याकाळी कोथरूडला दादाच्या फ्लॅटवर जमायचो. दादा म्हणजे आमचा डीएम (डन्जन मास्टर), खेळातलं जग आणि गोष्ट चालवणारा; बाकी प्रत्येकाचं एक पात्र आणि त्याचा एक क्लास, म्हणजे पेशा. हिंजवडीला आयटीत, वयाने सगळ्यांत मोठा, म्हणून दादा. मानसशास्त्रात एम. ए. करणारी एक मैत्रीण बार्ड (भाट) खेळायची. एका इस्पितळात निवासी डॉक्टर असलेला मित्र ड्रुइड (रानातला पुजारी), आणि तो ड्युटी बदलून घेऊन यायचा. एक इंजिनिअर, त्याला मंत्रांच्या याद्या तोंडपाठ, तो अर्थातच विझर्ड. बारावी संपवून नुकता फर्ग्युसनला लागलेला धाकटा पॅलाडिन (धर्मयोद्धा), आणि मी रोग, म्हणजे भामटा (इंग्रजीतला 'rogue'). खेळ तिसऱ्या आवृत्तीचा, म्हणजे २००३ साली आलेल्या 'थ्री पॉइंट फाइव्ह'चा. कॅम्पेन (अनेक शनिवार चालणारी सलग कथा) अर्ध्यावर आलं होतं आणि पात्रं सातव्या लेव्हलला पोचली होती.

ऑगस्ट २००७ मध्ये इंडियानापोलिसच्या जेन कॉन या खेळांच्या मेळाव्यात चौथी आवृत्ती जाहीर झाली. त्या शनिवारी खेळ बाजूलाच राहिला, नुसती चर्चा. हे कॅम्पेन पुढे न्यायचं की नव्या नियमांत आणायचं? नवी पुस्तकं सगळ्यांनी घ्यायची का? आणि दादाचा वेगळाच प्रश्न होता. या कॅम्पेननंतरच्या खेळासाठी तो एक जग रचत होता. सह्याद्रीसारखा डोंगर, घाटवाटा, गड, खाली कोकणासारखी पट्टी. त्यात आणखी महिने घालवायचे, की नवी आवृत्ती काय आणते ते बघून मग हात घालायचा?

माहिती मिळवायची जुनी वाटही त्याच सुमारास बंद झाली होती. 'ड्रॅगन' आणि 'डन्जन' या दोन मासिकांचे छापील अंक सप्टेंबर २००७ ला थांबले. दादाकडे जुन्या अंकांचा गठ्ठा होता. मासिकात पूर्वदर्शन यायचं तेव्हा त्याच पैशात साहसकथा, नवे राक्षस, नकाशे असं बरंच काही पदरात पडायचं. आता नुसतं पूर्वदर्शनच विकत घ्यायचं होतं.

पैशांचं सांगतो. वर्गणी माणशी शंभर रुपये, महिन्याचे सहाशे. त्यातून झेरॉक्स, मॅटवर लिहायचे मार्कर, चहा-वेफर्स, आणि उरलं तर एखादं पुस्तक. डॉलर तेव्हा चाळिसाच्या आसपास होता. म्हणजे एक पूर्वदर्शन आठशेला, दोन्ही मिळून सोळाशे. जूनमध्ये येणारी मुख्य तीन पुस्तकं प्रत्येकी ३४ डॉलर ९५ सेंट, म्हणजे तिन्ही मिळून साधारण बेचाळीसशे. थोडक्यात, पूर्वदर्शनांवर जाणारी रक्कम मुख्य संचाच्या एक तृतीयांशाहून जास्त होती. ती पुस्तकं पुण्यात सहज मिळण्यासारखी नव्हती. दादाच्या ऑफिसातलं कोणीतरी ऑनसाइटहून परतणार होतं, त्याच्या बॅगेत जागा होती, एवढाच काय तो मार्ग.

इंजिनिअरचा विरोध होता. "सहा महिन्यांनी जे पूर्ण मिळणार आहे, त्याच्या वर्णनाला आत्ता पैसे कशाला द्यायचे?" त्याचं म्हणणं वजनदार होतं. बार्डवाली म्हणाली, "मला फक्त माझ्या बार्डचं काय होणार ते कळू दे, मी माझा वाटा देते." डॉक्टर कोणत्याही बाजूला नव्हता. धाकट्याला तर स्वतःची वेगळी प्रत हवी होती. शेवटी दोन्ही पुस्तकांची एकेक प्रत गटासाठी आणायची, असं ठरलं.

पहिलं पुस्तक

'रेसेस अँड क्लासेस' जानेवारीत हातात आलं. दादाने टेबलावर मधोमध ठेवलं आणि आम्ही एकेक भाग मोठ्याने वाचत गेलो. त्याची छपाई देखणी आहे. ड्रॅगनबॉर्न आणि टीफलिंग या वंशांची पानभर चित्रं, वेशभूषेची रेखाटनं, एका वंशाचा चेहरा कसा कसा बदलत गेला ते. धाकटा तर त्या पानांवरून उठायलाच तयार नव्हता. मजकुरातही रस होता. प्रत्येक क्लासला लढाईत एक नेमकी भूमिका असावी हा विचार, म्हणजे समोर उभं राहून मार झेलणारा डिफेंडर, साथीदारांना सावरणारा लीडर, नेमका घाव घालणारा स्ट्रायकर, रणांगण ताब्यात ठेवणारा कंट्रोलर, तिथे स्वच्छ मांडला होता. आमच्या कॅम्पेनमध्ये फायटर नव्हता म्हणून पॅलाडिन सारखा आडवा व्हायचा. त्याचं कारण कागदावर उतरलेलं आम्ही तिथे पहिल्यांदा वाचलं.

बार्डवालीने मात्र विचारलं, "दादा, बार्डचं बघ ना."

दादाने पुढची-मागची पानं चाळली. "नियमांच्या पहिल्याच पुस्तकात असेल असं खात्रीने सांगता येत नाही गं. काम अजून चालूच आहे त्यांचं."

"मग मी कॅम्पेन सोडायचं की धरायचं?"

याचं उत्तर त्या ९६ पानांत नव्हतं. डॉक्टरचा ड्रुइडही तसाच लटकलेला. त्या दोघांना हवी होती ती आठ क्लासची पक्की यादी, आणि ती आम्हाला जूनमध्येच कळली: क्लेरिक, फायटर, पॅलाडिन, रेंजर, रोग, वॉरलॉक, वॉरलॉर्ड, विझर्ड. बार्ड आणि ड्रुइड, सोबत बार्बेरियन आणि सॉर्सररही, आले ते मार्च २००९ च्या दुसऱ्या 'प्लेअर्स हँडबुक'मध्ये, म्हणजे खेळाडूंच्या नियमपुस्तकात. मंक त्याच्याही पुढच्या वर्षी. म्हणजे ज्या दोघांचं घोडं खरोखर अडलं होतं, त्यांच्यासाठी हे आठशे रुपये काहीच करू शकले नाहीत.

इंजिनिअरच्या बाबतीत त्याहून वाईट झालं. २००७ च्या पूर्वदर्शनांत विझर्डांच्या 'गोल्डन विव्हर्न'सारख्या परंपरांची नावं झळकली होती. त्याला ती आवडली, आणि त्याने त्यांतल्या एका पंथाचं पात्र मनात रचायला घेतलं. गुरू कोण, दीक्षा कशी, सगळं. बऱ्याच खेळाडूंना ती नावं खटकली होती. जूनच्या पुस्तकात त्या परंपरा नव्हत्याच. ऑर्ब, स्टाफ आणि वँड या साधनांवरची प्रभुत्वं तेवढी उरली होती. यात प्रकाशकाने फसवलं असं मी म्हणणार नाही. लोकांचं ऐकून बदल करणं चांगलंच. पण बदलू शकणाऱ्या गोष्टीवर कोणी पैसे घालून विसंबत असेल, तर ती बदलण्याची जोखीम खरेदीदाराच्या अंगावर येते, हे खरेदी करतानाच कळायला हवं.

मला या पुस्तकातली चित्रं आणि रचनेमागचा विचार आजही मोलाचा वाटतो. एखादा खेळ कसा घडतो हे जाणून घ्यायची ज्याला ओढ आहे, त्याने ते जुन्या पुस्तकांत मिळालं तर जरूर घ्यावं. पण जानेवारी २००८ मध्ये, आमच्या टेबलावरच्या प्रश्नांसाठी, ते घेण्यासारखं नव्हतं.

दुसरं पुस्तक, आणि दादाचा नकाशा

'वर्ल्ड्स अँड मॉन्स्टर्स' आम्ही टेबलावर फारसं वाचलंच नाही. दादा ते घरी घेऊन बसला, आणि खरा परिणाम तिथे झाला.

त्याच्या मूळ नकाशात घाटमाथ्यावर एक सलग राज्य होतं. नऊ गड, त्यांना जोडणारे पहाऱ्याचे रस्ते, प्रत्येक घाटाच्या तोंडाशी जकातनाका. सुंदर नकाशा होता, पण त्यात एक खोट होती आणि ती त्यालाही जाणवत होती. इतकं सगळं सुरक्षित असेल तर पहिल्या लेव्हलच्या चार पोरांना साहस करायला जागाच कुठे? तो वाट काढायला सीमेवर युद्ध, दरबारात फितुरी असं काही ना काही घालत होता, आणि जग जड होत चाललं होतं.

चौथ्या आवृत्तीच्या जगाची कल्पना अशी: मोठं साम्राज्य कोसळलेलं आहे, मधला मुलूख अंधारात गेलाय, आणि त्या अंधारात वस्त्या दिव्यांसारख्या विखुरल्यात. एका दिव्याकडून दुसऱ्याकडे जाणं हेच साहस. 'पॉइंट्स ऑफ लाइट' म्हणतात ते हेच. राजगडावर मुक्काम केलेल्या कोणालाही हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. दादाने नकाशा समोर घेतला आणि रस्ते खोडले. नऊ गडांपैकी तीन जिते ठेवले, बाकीच्यांची नुसती नावं राहिली. जकातनाके पडके झाले. जे राज्य होतं ते शंभर वर्षांपूर्वी बुडालेलं राज्य झालं, आणि फितुरीची जी कथा तो वर्तमानात घुसडत होता ती त्या बुडण्याचं कारण म्हणून आपोआप जागेवर बसली.

मग फेवाइल्ड. नव्या रचनेत आपल्या जगाला चिकटून दोन प्रतिजगं आहेत. एक रानटी, जादूने भरलेलं फेवाइल्ड, दुसरं मृत्यूच्या छायेतलं शॅडोफेल. काही ठिकाणी पडदा विरळ असतो आणि माणूस नकळत पलीकडे जातो. दादाने पलीकडे जायच्या जागा ठरवल्या त्या देवराया. ज्या राईत कुऱ्हाड चालत नाही, वाळलेली काटकीही उचलत नाहीत, त्या राईच्या गाभ्यात गेलं की वाट बदलते. शॅडोफेलसाठी त्याने ओस पडलेली गावठाणं घेतली, जिथे जोती तेवढी उरलीत आणि चिंचेच्या झाडाखालचा पार. दोन्ही गोष्टी आमच्या प्रत्येकाच्या ओळखीच्या. पुढे खेळताना देवराईच्या तोंडाशी चप्पल काढायची की नाही यावर आमच्या पात्रांत खरोखरीचा वाद झाला, आणि तो वाद कोणी शिकवला नव्हता.

हे काम त्याने फेब्रुवारी ते मे या महिन्यांत केलं. जूनमध्ये मुख्य पुस्तकं आली तेव्हा जग तयार होतं. पुस्तकात वाचलेलं जवळपास सगळं टिकलंही. बुडालेलं मानवी साम्राज्य नेराथ, टीफलिंगांचं बाएल तुराथ आणि ड्रॅगनबॉर्नांचं आर्खोशिया यांचं वैर, देवाविरुद्ध बंड करून पतित झालेले डेव्हिल आणि एलिमेंटल केऑसमधून आलेले डीमन यांच्यातला स्पष्ट फरक, हे सगळं जूनमध्ये तसंच होतं.

पहिलं पुस्तक वाया गेलं आणि दुसरं वसूल झालं, याचं कारण मला इथे सापडतं. खेळाडूला पात्र बनवायला एक संध्याकाळ पुरते. सहा महिने आधी कळून तो त्या माहितीचं काय करणार? मनात मांडे रचेल, आणि ती बदलली की हिरमुसेल. डीएमला मात्र जग उभं करायला महिने लागतात. ते महिने त्याला दुसऱ्या कोणत्याही मार्गाने मिळत नाहीत. आणि जगाची कथा ही चाचण्यांत शेवटच्या घडीपर्यंत बदलत राहणारी गोष्ट नाही. आकडे, ताकदी, नावं बदलतात. साम्राज्य कसं बुडालं हे सहसा बदलत नाही. आगाऊ माहितीचे पैसे द्यायचे तर ती आगाऊच वापरणारा माणूस गटात असायला हवा. आमच्यात तो एकच होता, आणि त्याच्यासाठी आठशे रुपये स्वस्त होते.

मार्च महिना

१८ मार्च २००८ ला पायझो या प्रकाशकाने पाथफाइंडर हा स्वतंत्र खेळ जाहीर केला. 'ड्रॅगन' आणि 'डन्जन' ही मासिकं शेवटची काही वर्षं चालवणारे हेच लोक. थ्री पॉइंट फाइव्हचे नियम खुल्या परवान्याखाली होते, त्यांवरच त्यांनी आपला खेळ बांधायला घेतला आणि पहिली अल्फा पीडीएफ त्याच दिवशी फुकट दिली. अर्धवट असली तरी ते नियम होते, टेबलावर घेऊन बसता येत होतं. डॉक्टरने ती उतरवून घेतली, कॅन्टीनमध्ये वाचली, आणि शनिवारी म्हणाला, "माझा ड्रुइड कुठे जात नाहीये. मी इकडेच राहतो."

सोळाशे रुपये आणि दोन महिने घालवून जो निर्णय झाला नव्हता, तो एका फुकट फाइलने झाला. मला हे खटकलं, आणि आजही खटकतं. पूर्वदर्शनाला पैसे घेण्यावर माझा आक्षेप नाही. चित्रकाराचं काम, लेखकाचं काम, छपाई, या सगळ्याला मोल आहे आणि ते मिळालंच पाहिजे. आक्षेप आहे तो पैसे घेऊनही खेळून बघण्याजोगं काहीच न देण्यावर. पुण्यात फ्लॅट बघायला गेलेल्याला ब्रोशर फुकट मिळतं आणि सॅम्पल फ्लॅट हिंडूनही बघता येतो. इथे ब्रोशरला आठशे रुपये होते आणि सॅम्पल फ्लॅट दाखवतच नव्हते.

त्याच महिन्याच्या ४ तारखेला गॅरी गायगॅक्स गेले. १९७४ साली डेव्ह आर्नेसनसोबत त्यांनी जो खेळ काढला, तो आम्ही कोथरूडला बसून खेळत होतो. त्या शनिवारी आवृत्तीवरून एकही वाद झाला नाही. दादाने त्यांची एक जुनी साहसकथा काढली आणि आम्ही रात्री उशिरापर्यंत ती खेळलो.

तिसरी खरेदी

'कीप ऑन द शॅडोफेल' मे २००८ मध्ये आलं, मुख्य पुस्तकांच्या थोडं आधी. किंमत ३० डॉलर. डॉलर तोवर चढला होता, त्यामुळे बाराशेच्या वरच गेलं. हेसुद्धा पूर्वदर्शनच, पण वेगळ्या जातीचं. थोडक्यातले नियम, पाच तयार पात्रं, मोठे छापील नकाशे आणि पहिल्या लेव्हलपासूनची पूर्ण साहसकथा. ते जूनमध्ये पहिल्या पावसाच्या सुमारास हातात पडलं. मुख्य पुस्तकं अजून वाटेतच होती.

तयार पात्रं म्हणजे ड्वार्फ (बुटक्या वंशाचा) फायटर, ड्रॅगनबॉर्न पॅलाडिन, हाफ-एल्फ क्लेरिक, मानवी विझर्ड, हाफलिंग रोग. बार्ड नाही, ड्रुइड नाही. बार्डवालीने क्लेरिक घेतला, डॉक्टरने फायटर, बाकीचे आपापल्या सवयीचे.

धबधब्यामागच्या गुहेतली कोबोल्डांशी, म्हणजे सरड्यासारख्या बुटक्या राक्षसांशी झालेली लढाई आम्ही कोणीच विसरलेलो नाही. कोबोल्ड आपल्या पाळीत अंगाशी आलेल्या फायटरच्या कचाट्यातून एक चौकोन सटकतात, आणि तेही फुकटात म्हणावं इतक्या स्वस्तात. डॉक्टरने दोनदा एकाला अडवलं, दोनदा तो निसटला. मग त्याला 'मार्क'चं गणित उमगलं. ज्याच्यावर फायटरने खूण केली तो दुसऱ्या कोणावर धावला तर त्याच्या फाशातून दोन वजा, वर फायटरचा घाव. डॉक्टर तिथून पुढे खुर्चीवर बसलाच नाही, मॅटवर वाकूनच उभा. इंजिनिअरला धक्का वेगळाच होता. थ्री पॉइंट फाइव्हमध्ये विझर्डचे मंत्र संपले की तो कोपऱ्यात उभा राहायचा. इथे मॅजिक मिसाइल हवं तितक्या वेळा. आणि क्लेरिक! जुन्या खेळात जखम भरायची म्हणजे त्याची अख्खी पाळी जायची. इथे 'हीलिंग वर्ड' म्हणून साथीदाराला उभं करायचं आणि त्याच पाळीत गदाही हाणायची. आयर्नटूथ, म्हणजे त्या टोळीचा म्होरक्या, समोर आला तेव्हा आमचे तिघे आडवे होते आणि बार्डवाली एकटी लढाई ओढत होती.

तोटाही तिथेच दिसला. एक लढाई दीड-दोन तास. रात्रीचे साडेदहा वाजले आणि कथा गुहेच्या तोंडापासून आतल्या दालनापर्यंतच सरकली होती. दादाला ते आवडलं नाही, डॉक्टरला तर मुळीच नाही. "मजा आली, पण मला जंगलात हिंडायचं असतं रे, चौकोन मोजायचे नसतात," असं तो निघताना म्हणाला.

पण त्यानंतर प्रत्येकाला आपापलं काय करायचं ते कळलं होतं. इंजिनिअरने 'प्लेअर्स हँडबुक' स्वतःच्या पैशाने मागवलं. दादाने मुख्य संचाची एक प्रत वर्गणीतून आणायचं ठरवलं. डॉक्टर पाथफाइंडरशी एकनिष्ठ राहिला, पण दादाच्या नव्या जगात महिन्यातून एकदा फायटर घेऊन येत राहिला. बार्डवालीने दिवाळीपर्यंत जुनं कॅम्पेन थ्री पॉइंट फाइव्हमध्येच पूर्ण करायचा हट्ट धरला. तो मान्य झाला, आणि तसं केलं तेच बरं झालं; नव्या पुस्तकांत जुनी पात्रं आणायचं कोष्टक नव्हतंच. मार्च २००९ नंतर ती नवी बार्ड घेऊन देवराईत आली.

धाकट्याची प्रत

याला मी थोडी जागा देतो, कारण हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला जातो, आणि विचारणारी बहुतेक मुलं त्याच्याच वयाची असतात.

त्याला 'रेसेस अँड क्लासेस'ची स्वतःची प्रत हवी होती, घरून मिळणाऱ्या पैशांतून. मी त्याला थांबवलं. त्याचा आनंद मला खोटा वाटत नव्हता. ड्रॅगनबॉर्नचं चित्र त्याने पेन्सिलीने वहीत उतरवलं होतं आणि ती वही तो कॉलेजात घेऊन हिंडायचा. पण त्या आठशे रुपयांत 'प्लेअर्स हँडबुक'ची निम्म्याहून जास्त किंमत निघत होती. आमची प्रत तो हवी तेव्हा घरी नेऊ शकत होता. त्याने पैसे साठवले आणि पुढे हँडबुक घेतलं. ३२० पानांचं ते पुस्तक त्याच्याकडे अजून आहे, कडा झिजलेल्या, बाइंडिंग दोनदा केलेलं. गट असेल तर पूर्वदर्शनाची एकच प्रत पुरते. एकट्याने, कोणत्याही गटाशिवाय, नुसत्या ओढीने घ्यायचं असेल तर मुख्य पुस्तकासाठी थांबावं, हे मी आजही तितक्याच ठामपणे सांगतो.

नंतर काय बदललं

त्यानंतर प्रकाशकांची रीत बदलली. पाचव्या आवृत्तीची खुली चाचणी मे २०१२ मध्ये सुरू झाली ती फुकट, आणि २०१४ साली मूलभूत नियमांची पीडीएफही फुकट दिली. २०२४ ला आलेल्या सुधारित पुस्तकांआधी, ऑगस्ट २०२२ पासून, चाचणीची पॅकेटंही अशीच फुकट मिळत गेली. त्यामुळे २००८ सारखा, माहितीलाच पैसे मोजायचा प्रश्न आता क्वचित येतो. येतो तो कागदाचा.

ऑगस्ट २०१८ मध्ये पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीची चाचणी निघाली. नियमांची पीडीएफ फुकट, आणि त्याच नियमांचं छापील पुस्तक विकत. धाकटा तोवर स्वतः डीएम झाला होता, कर्वेनगरला त्याचा वेगळा गट. त्याने मला फोन करून विचारलं, "छापील मागवू का? टेबलावर पुस्तक असलं की बरं पडतं."

मी त्याला विचारलं, तुला आत्ता काय ठरवायचंय? गट नवे नियम घेईल की नाही, एवढंच ठरवायचं होतं. त्याने पात्र बनवायचा भाग आणि लढाईचे नियम तेवढे छापून घेतले, कॉलेजजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल करून आणले, आणि गटाने चाचणीची साहसकथा त्यावर खेळली. जादुई वस्तू वापरायला 'रेझोनन्स' नावाचे गुण खर्च करायचे, हा त्यातला नवा नियम त्यांच्या टेबलावर कोणालाच रुचला नाही. त्यांनी तसं प्रकाशकाला कळवलं. तशी तक्रार करणारे इतरही खूप होते. ऑगस्ट २०१९ ला अंतिम पुस्तक आलं तेव्हा तो नियम गेलेला होता. अंतिम पुस्तक त्याने पूर्ण किंमत देऊन घेतलं, आणि स्पायरलची पानं आता पाठकोऱ्या म्हणून नकाशे काढायला वापरतो.